काय सांगायचे आणि काय नाही: अनुभवकथनासाठी तयार करणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

मानसिक आजार अनुभवलेल्या व्यक्तींना आपली हकिकत लोकांसमोर मांडण्यासाठी तयार करणे आणि तयारी झाल्यावर ती ऐकू इच्छिणाऱ्यांशी त्यांची गाठ घालून देणे, असे दुहेरी काम करणाऱ्या एका सेवेचे हे परीक्षण आहे. या सेवेत मी आधी श्रोता म्हणून गेले, नंतर प्रशिक्षण घेतले आणि आता अधूनमधून स्वतः कथन करते. नैराश्याचा आजार मला तरुणपणापासून आहे. तो ओसरतो, बराच काळ दूर राहतो आणि पुन्हा येतो. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण आमचा गट लहान आहे आणि नावावरून त्यातील माणसे सहज ओळखता येतील. मात्र अशा स्वरूपाच्या सेवा जगात अनेक ठिकाणी चालतात. त्यांत जाण्याचा विचार करणाऱ्या शुभार्थींना, म्हणजे स्वतः आजारातून जाणाऱ्यांना, आणि त्यांची काळजी घेणाऱ्या शुभंकरांना नेमके काय पाहावे हे कळावे, यासाठी मी तपशिलाने लिहिते आहे.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग कथनाआधीची तयारी हा आहे, आणि आपल्या आयुष्यातले काय सांगायचे नाही हे ठरवण्याचा अधिकार आपलाच आहे, ही त्या तयारीतली सर्वांत मोलाची शिकवण आहे.

अशा कथनाचा खरोखर काही उपयोग होतो का, हा प्रश्न मी सहभागी होण्याआधी स्वतःला विचारला होता, कारण सहानुभूतीची दोन वाक्ये ऐकण्यासाठी आपले आयुष्य उघडे करण्याची माझी इच्छा नव्हती. या प्रश्नावर संशोधन झालेले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 14 देशांतील 72 शोधनिबंधांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रौढांच्या मनातील पूर्वग्रह कमी करण्यात निव्वळ माहिती देणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा आजार अनुभवलेल्या व्यक्तीशी आलेला संपर्क अधिक परिणामकारक ठरतो आणि चित्रफीत दाखवण्यापेक्षा समोरासमोरची भेट अधिक काम करते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे 2022 मध्ये मानसिक आजारांविषयीचा कलंक आणि भेदभाव संपवण्यासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगानेही सामाजिक संपर्कालाच सर्वाधिक महत्त्व दिले. त्या आयोगाचे सहअध्यक्षपद मनोविकारतज्ज्ञ ग्रॅहम थॉर्निक्रॉफ्ट यांच्या बरोबरीने स्वतः मानसिक आजाराचा अनुभव असलेल्या चार्लीन संकेल यांच्याकडे होते, ही बाब मला आयोगाच्या शिफारशींइतकीच महत्त्वाची वाटते.

अर्थात केवळ भेट होणे पुरेसे नसते. रुग्णालयातील कर्मचारी आणि रुग्ण रोज एकमेकांना भेटतात. पण एकाच्या हाती किल्ली आणि दुसऱ्याच्या अंगावर रुग्णाचे कपडे असतील, तर त्या भेटीतून पूर्वग्रह निवळण्याऐवजी घट्टही होऊ शकतो. सामाजिक मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच मांडले होते की, दोन गटांमधील संपर्काने दुरावा कमी व्हायचा असेल तर त्या भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट समान हवे, सहकार्य हवे आणि त्या भेटीला संस्थेचे पाठबळ हवे. मी ज्या सेवेविषयी लिहिते आहे, तिच्या छोट्या बैठकींत हा समान दर्जा अगदी साध्या गोष्टींतून जपलेला दिसतो. व्यासपीठ नसते, सर्वांच्या खुर्च्या एकाच गोलात असतात, कथन करणाऱ्याची ओळख आजाराच्या नावाने करून दिली जात नाही, आणि ऐकायला आलेल्या प्रत्येकाला आपण का आलो हे एका वाक्यात सांगावे लागते. माझ्या दृष्टीने ही शेवटची अट फार योग्य आहे, कारण त्यामुळे बोलणारा उघडा आणि ऐकणारे झाकलेले अशी स्थिती राहत नाही.

आता तयारीविषयी. पहिल्या काही सत्रांत कोणीही आपली कहाणी सांगत नाही. तेथे फक्त एकाच प्रश्नावर काम होते: सांगावे का, आणि सांगायचे तर कोणाला? कॉरिगन यांनी सांगण्या-न सांगण्याच्या ज्या पाच पायऱ्या मांडल्या आहेत, त्या संयोजकांनी आमच्यासमोर ठेवल्या. लोकांना टाळणे, लोकांत मिसळूनही आजार लपवणे, निवडक व्यक्तींना सांगणे, लपवणे पूर्णपणे सोडून देणे आणि जाहीरपणे बोलणे अशा त्या पायऱ्या आहेत. यातली कोणतीही एक पायरी श्रेष्ठ मानली गेली नाही, हे मला विशेष भावले. जाहीर बोलणारा धीट आणि लपवणारा भित्रा, अशी विभागणी बाहेरच्या जगात फार सहजपणे केली जाते, आणि ती अन्यायाची आहे. ज्याची नोकरी, घर किंवा मुलांचा ताबा एका वाक्याने धोक्यात येऊ शकतो, त्याचे मौन हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

यानंतर प्रत्येकाने एक तक्ता भरायचा असतो. जोडीदार, भावंडे, वरिष्ठ, सहकारी, घरमालक, शेजारी अशा प्रत्येकाच्या नावापुढे, सांगितल्याने आज काय मिळेल, आज काय जाऊ शकेल आणि काही वर्षांनी त्या सांगण्याचे काय होईल, हे लिहायचे. माझ्या आजारपणातील रजांसाठी मी कामाच्या ठिकाणी पाठदुखीचे कारण देत असे. तक्ता भरताना माझ्या लक्षात आले की, मला सर्वांना सांगायचे नाही. पण दुखणे पुन्हा आले तर काम कोणाकडे सोपवायचे हे ठरवता यावे यासाठी एका व्यक्तीला सांगणे गरजेचे आहे. मी त्या एका व्यक्तीला सांगितले. बाकीच्यांना आजही ठाऊक नाही, आणि त्याचे मला ओझे वाटत नाही. आमच्यातील एका सहभागी व्यक्तीने याच टप्प्यावर थांबण्याचे ठरवले, तेव्हा संयोजकांनी तिचे मनापासून अभिनंदन केले. जी सेवा माघार घेण्यालाही प्रशिक्षणाचे यश मानते, तिच्यावर विश्वास ठेवावा असे मला तेव्हापासून वाटते.

पुढचा टप्पा कथन लिहून काढण्याचा आहे. आमच्या संयोजिका स्वतः बायपोलर आजारासह, म्हणजे टोकाचा उत्साह आणि टोकाची उदासी आलटून पालटून आणणाऱ्या आजारासह, अनेक वर्षे जगत आहेत, आणि त्यांच्या प्रश्नांत त्या जगण्याची जाण आहे. आपण आजारपणाविषयी बोलू लागलो की, अंधार, पोकळी, खोल गर्ता असे शब्द आपोआप येतात. त्या शब्दांना त्या हरकत घेत नाहीत, पण लगेच विचारतात, ‘त्या काळात दुपारी तीन वाजता तुम्ही काय करत होतात?’ या प्रश्नाचे माझे उत्तर असे होते की, मी पलंगाच्या कडेला बसलेली असे, सकाळचे दात घासायचे राहिले आहेत हे मला कळत असे, ब्रश चार पावलांवर असे, आणि उठता येत नसे. माझ्या कथनातील हे वाक्य श्रोत्यांना सर्वाधिक समजते, हे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे. नैराश्य म्हणजे दुःख असे मानणाऱ्या माणसाला इच्छा आणि कृती यांच्यामधला धागाच तुटू शकतो हे त्या चार पावलांतून कळते, आणि ‘थोडे मनावर घे’ हा सल्ला किती निरुपयोगी आहे हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

काय गाळायचे, याबाबत मात्र त्या ठाम असतात. आत्महत्येच्या विचारांविषयी बोलता येते, पण पद्धत, साधन आणि जागा यांचा उल्लेख करता येत नाही. आहारविषयक विकारातून गेलेल्यांनी वजनाचे आकडे सांगायचे नाहीत, कारण त्याच आजारात असलेला श्रोता त्या आकड्यांशी स्वतःची तुलना करू लागतो. औषधांची नावे आणि मात्रा सांगायच्या नाहीत. औषध घेते किंवा घेत नाही, एवढे पुरे. या नियमांमागे ठोस कारण आहे. थॉमस नीडरक्रोटेनथालर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातील वृत्तपत्रांचा अभ्यास करून 2010 मध्ये दाखवले की, आत्महत्येच्या विचारांतून गेलेल्या, पण त्या संकटातून वाट काढलेल्या व्यक्तींविषयीचे वार्तांकन आणि त्यानंतर आत्महत्यांच्या दरात झालेली घट यांच्यात संबंध आहे. एकाच आत्महत्येच्या वारंवार केलेल्या वार्तांकनाचा संबंध मात्र उलट, म्हणजे वाढीशी होता. विषय तोच असला तरी तो कसा सांगितला जातो यावर ऐकणाऱ्याचे हित-अहित अवलंबून असते. आमच्या कथनात म्हणूनच संकटाच्या रात्रीचे वर्णन थोडक्यात येते, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला फोन केला, काय बोलले, कोण घरी येऊन बसले, हे सविस्तर येते.

आपल्या गोष्टीत इतर माणसे असतात, आणि त्यांनी काही आपल्याबरोबर प्रशिक्षण घेतलेले नसते. ज्यांचा उल्लेख येणार आहे अशा प्रत्येक जवळच्या व्यक्तीची संमती विचारण्याचा आग्रह या सेवेत धरला जातो. माझ्या आईने एक प्रसंग सांगण्यास नकार दिला. तो माझ्या कथनात नाही आणि या लेखातही नाही. सुरुवातीला मला वाटले होते की, त्याविना गोष्ट अपुरी राहील. तसे झाले नाही, आणि आईशी झालेले ते बोलणे माझ्यासाठी कथनाइतकेच मोलाचे ठरले, कारण माझ्या आजाराविषयी आम्ही दोघी इतक्या शांतपणे पूर्वी कधी बोललो नव्हतो.

प्रत्यक्ष बैठकीत कथन अर्ध्या तासाहून कमी वेळाचे असते आणि प्रश्नोत्तरांना त्याहून अधिक वेळ दिला जातो. श्रोत्यांना आधी सांगितले जाते की, सल्ला द्यायचा नाही, निदान करायचे नाही, ऐकलेले बाहेर नावानिशी सांगायचे नाही आणि त्रास होऊ लागला तर कारण न देता उठून जाता येते. कथन करणाऱ्याजवळ एक कोरे कार्ड असते; ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही, तेथे ते कार्ड समोर ठेवायचे आणि संयोजकाने पुढचा प्रश्न घ्यायचा. ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण होत नाही. संमती मागे घेता येते असे कितीही लिहून दिले, तरी एकदा पसरलेली चित्रफीत परत बोलावता येत नाही, त्यामुळे हा नियम मला अत्यंत आवश्यक वाटतो.

एका बैठकीत एका वडिलांनी मला विचारले होते, ‘मुलगा खोलीबाहेर येत नाही. मी दाराशी जाऊन काय बोलू?’ कथन करणाऱ्याने समुपदेशकाची भूमिका घ्यायची नाही, असा आमचा नियम आहे, आणि तो योग्य आहे. मी त्यांना फक्त माझे सांगितले. माझा भाऊ त्या काळात माझ्या खोलीत येऊन आपले काम घेऊन बसत असे. तो मला काही विचारत नसे, माझ्याकडून उत्तराची अपेक्षा करत नसे, आणि जाताना उद्या पुन्हा कधी येईन तेवढे सांगून जात असे. त्याच्या येण्याने मी बरी झाले नाही, उपचारांनी झाले. परंतु पुन्हा उपचार घेण्यास मी तयार झाले त्यात त्या बसण्याचा वाटा होता. बैठकीनंतर संयोजिकेने त्या वडिलांशी वेगळे बोलून मुलासाठी आणि त्यांच्या स्वतःसाठी मदत कोठे मिळू शकेल याची माहिती दिली. अनुभव सांगणाऱ्याने अनुभवावर थांबावे आणि पुढची वाट जाणकाराने दाखवावी, ही कामाची वाटणी येथे काटेकोरपणे पाळली जाते.

श्रोता म्हणून ऐकलेल्या कथनांपैकी एक मला फार महत्त्वाचे वाटते. ज्यांना इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात, अशा एका गृहस्थांचे ते होते. उपचारांनी त्यांचे आवाज कमी झाले आहेत, पण थांबलेले नाहीत. कोणता आवाज कोणत्या वेळी येतो, कोणत्या आवाजाला काही वेळ थांबण्यास सांगता येते, आणि रस्त्यात उत्तर देण्याची वेळ आली तर लोकांनी वळून पाहू नये म्हणून ते फोन कानाला कसा लावतात, हे त्यांनी शांतपणे सांगितले. नेदरलँड्समध्ये 1987 मध्ये मनोविकारतज्ज्ञ मारियुस रोम आणि त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या पॅट्सी हाग दूरचित्रवाणीवर आवाजांविषयी मोकळेपणाने बोलले, तेव्हा शेकडो लोकांनी आपल्यालाही आवाज ऐकू येतात असे कळवले. त्यातून आवाज ऐकणाऱ्यांच्या स्वमदत गटांची आंतरराष्ट्रीय चळवळ उभी राहिली. त्या गृहस्थांना ऐकताना मला त्या चळवळीचे मर्म समजले: आवाज गेल्यानंतरच बोलण्याचा हक्क मिळतो असे नाही.

नेमके येथेच या सेवेबाबतचे माझे पहिले गाऱ्हाणे आहे. असे कथन मी तेथे एकदाच ऐकले. कथनासाठी निवडल्या जाणाऱ्या बहुतेक व्यक्ती नैराश्य किंवा चिंताविकारातून गेलेल्या, आता स्थिर असलेल्या आणि नीटनेटके बोलणाऱ्या असतात. मीही त्यांतलीच आहे. स्किझोफ्रेनियासह जगणारे, औषधांमुळे ज्यांचे बोलणे संथ झाले आहे असे, किंवा ज्यांना अजून बरे वाटत नाही असे लोक फार थोडे दिसतात. त्यामुळे श्रोत्यांची अशी समजूत होण्याचा धोका आहे की, प्रत्येक आजाराला सुरुवात, मध्य आणि सुखद शेवट असतो, आणि ज्याचा शेवट सुखद नाही त्याने पुरेसा प्रयत्न केला नाही. ज्यांच्यावरील कलंक सर्वांत गडद आहे, त्यांनाच या गोलात सर्वांत कमी खुर्च्या मिळतात, ही स्थिती बदलायला हवी.

दुसरी उणीव मोठ्या कार्यक्रमांत दिसते. जागतिक मानसिक आरोग्य दिन 1992 पासून दरवर्षी 10 ऑक्टोबरला पाळला जातो, आणि त्या सुमारास कचेऱ्यांकडून वक्त्यांची मागणी एकदम वाढते. या मागणीला होकार देताना छोट्या बैठकींचे नियम सैल होतात. मी गेले त्या एका कार्यक्रमात मोठे सभागृह होते, प्रश्नांच्या चिठ्ठ्या आधी न वाचता थेट माझ्या हाती आल्या, आणि शेवटी छायाचित्रासाठी उभे राहण्याचा आग्रह झाला. समोरचे लोक सौजन्याने वागले, पण तेथे भेट झाली नाही, भाषण झाले. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात काही हलले असेल तर त्याच्याजवळ बसायला कोणी नव्हते. कथन करणाऱ्यांना अशा कार्यक्रमांचे मानधनही मिळत नाही. तज्ज्ञाच्या व्याख्यानाला मानधन द्यावे लागते हे ज्या आयोजकांना मान्य असते, त्यांना अनुभव असलेल्या माणसाचा वेळ आणि त्यामागचा थकवा मोलाचा का वाटू नये, हे मला पटत नाही.

शाळांच्या बाबतीतही मी असहमत आहे. आधी उल्लेख केलेल्या 2012 च्या विश्लेषणात किशोरवयीनांवर संपर्कापेक्षा शिक्षणाचा परिणाम अधिक दिसला होता. तरीही ही सेवा शाळांत केवळ कथन करणारी व्यक्ती पाठवते. लक्षणे कशी ओळखावीत, मित्राने गुपित म्हणून काही सांगितले तर कोणत्या मोठ्या माणसाकडे जावे, उपचारांत काय होते, याची माहिती देणारा स्वतंत्र तास त्या कथनाला जोडला पाहिजे. शुभार्थी आणि शुभंकर यांची सत्रे एकत्र घेण्याचाही पुनर्विचार व्हावा. आईवडिलांसमोर आपली बाजू मांडताना अडखळणारे तरुण मी तेथे पाहिले आहेत.

कथनानंतरची काळजी मात्र या सेवेत मनापासून घेतली जाते. बोलून टाकले की हलके वाटते, असे सर्वत्र सांगितले जाते. त्या संध्याकाळी तसे वाटेलच असे नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगांविषयी भावनांसह लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना लिहिल्यानंतर लगेच अधिक वाईट वाटले होते, आणि पुढील काही महिन्यांत मात्र त्यांच्या आरोग्य केंद्रातील फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या होत्या. आम्हाला हे आधीच सांगितलेले असते, त्यामुळे कथनाच्या संध्याकाळी येणारी उदासी आजाराची चाहूल आहे की केवळ थकवा, हे ओळखायला मदत होते. त्याच संध्याकाळी एक फोन येतो, काही दिवसांनी दुसरा येतो, आणि दोन कथनांमध्ये सक्तीचे अंतर ठेवले जाते. नोंदणीच्या वेळीच आपला विश्वासू माणूस कोण, प्रकृती बिघडू लागल्याची आपली पहिली लक्षणे कोणती आणि त्या वेळी काय करावे, हे लिहून घेतलेले असते. हा उपचार नाही, असेही तेव्हाच स्पष्ट सांगितले जाते.

ज्यांची प्रकृती काही काळ स्थिर आहे, ज्यांचे उपचार चालू आहेत किंवा उपचार करणाऱ्यांशी संपर्क आहे, आणि ज्यांना कोणाला काय सांगावे याचा निर्णय शांतपणे घ्यायचा आहे, त्यांना मी या सेवेतील प्रशिक्षण निःसंकोचपणे सुचवेन, मग त्यांनी पुढे एकदाही कथन केले नाही तरी चालेल. नुकतेच रुग्णालयातून घरी आलेल्यांनी थोडे थांबावे; संयोजकही तेच सांगतात. संकटात असलेल्या व्यक्तीने येथे येण्याआधी मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा तातडीच्या मदतीकडे जावे. अशा कोणत्याही सेवेत नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: माघार घेता येते का, चित्रीकरण होते का, आणि कथनानंतर फोन कोण करते. मी स्वतः छोट्या बैठकींत कथन करत राहणार आहे. मोठ्या सभागृहांतील कार्यक्रमांना मी सध्या नकार कळवला आहे, आणि प्रश्न आधी वाचण्याची व श्रोत्यांजवळ बसणाऱ्या जाणकाराची सोय तेथेही झाली, तर त्याचा पुन्हा विचार करेन, असे संयोजकांना लेखी दिले आहे.